महागाईत घरखर्च कमी करायचा तर कात्री नेमकी कुठे लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पगार जेमतेम वाढला, घरखर्च मात्र चहूबाजूंनी वाढला. बाहेरचं खाणं बंद केलं, कपडे घेणं थांबवलं, बारीकसारीक गोष्टींवरून घरात वाद होऊ लागले, तरी महिन्याचा शेवटचा आठवडा कार्डावर निघतो. आता आणखी कुठे कपात करायची? थोडी शिल्लक आहे, ती कर्जात भरावी का? आणि मुलांना यातलं किती सांगावं?

कुटुंबांचे जमाखर्च बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुमच्यासारखी पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. ज्या खर्चासाठी रोज मन मारावं लागतं, तिथेच माणसं आधी हात घालतात. मोठे खर्च एकदा ठरून गेलेले असतात आणि दर महिन्याला न विचारता खात्यातून वजा होत राहतात, म्हणून ते नजरेतूनच सुटतात. मन मारून केलेली बचत दोन-तीन महिने टिकते. मग एखादा वाईट दिवस येतो आणि सगळं पूर्ववत होतं. एकदा घेतलेला निर्णय मात्र तुम्ही थकलेले असतानाही पैसे वाचवत राहतो. म्हणून माझं सगळं उत्तर या एकाच दिशेने जाणार आहे: आधी ठरून गेलेले खर्च पुन्हा उघडा, रोजच्या खर्चाकडे नंतर वळा.

पण त्याआधी खड्डा किती मोठा आहे ते मोजायला हवं. बातम्यांतला महागाईचा दर तुमच्या घराचा नसतो. तो सरासरी कुटुंबाच्या टोपलीवरून, म्हणजे असं कुटुंब जे जे विकत घेतं त्या यादीवरून काढलेला असतो आणि तुमची टोपली वेगळी असते. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून १८५७ साली दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. म्हणजे अन्न महागलं की कमी उत्पन्नाच्या घराची महागाई सरासरीपेक्षा जास्त असते. आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं होत नाही. १०० ची वस्तू एका वर्षी १० टक्क्यांनी वाढून ११० झाली आणि पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर आला, तरी ती ११४.४० ला मिळते. ‘थोडं थांबू, भाव उतरतील’ या आशेवर घराचं नियोजन करू नका.

तुमच्या घराचा हिशोब असा करा. वर्षभरापूर्वीचं मासिक उत्पन्न १०० भाग धरा. समजा त्यातले ३० भाग घराच्या हप्त्याला, २५ अन्नाला, ६ वीज-इंधनाला, १२ प्रवासाला, १२ शिक्षण आणि औषधपाण्याला आणि १५ बाकी सगळ्याला जात होते. आता अन्न १० टक्क्यांनी महागलं तर २.५ भाग वाढले. वीज-इंधन १५ टक्क्यांनी वाढलं तर ०.९, प्रवास १० टक्क्यांनी वाढला तर १.२, शिक्षण-औषधं ८ टक्क्यांनी वाढली तर जवळजवळ १ भाग. एकूण साधारण साडेपाच भाग. पगार २ टक्क्यांनी वाढला असेल तर प्रत्यक्ष खड्डा साडेतीन भागांचा. ‘सगळंच हाताबाहेर गेलंय’ या भावनेपेक्षा ‘शंभरातले साडेतीन शोधायचे आहेत’ हे वाक्य कितीतरी हलकं आहे. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या तीन महिन्यांची खात्याची आणि कार्डाची विवरणपत्रं समोर ठेवली की एका संध्याकाळचं काम आहे. पुढे सहा महिने रोजचा खर्च वहीत लिहिण्याचा संकल्प करू नका, तो फार थोड्यांचा पार पडतो. होऊन गेलेल्या खर्चाचा कागद आधीच तयार असतो.

आता हे साडेतीन भाग कुठून येतील ते पाहू.

सगळ्यात मोठा आकडा घराचा आहे, म्हणून पहिली भेट कर्ज देणाऱ्याची. २० वर्षं बाकी असलेल्या कर्जाचा व्याजदर ९ वरून ८ टक्क्यांवर आला, तर हप्ता ७ टक्क्यांनी कमी होतो. ३० भागांच्या हप्त्यावर हे २.१ भाग झाले, म्हणजे अर्ध्याहून जास्त खड्डा एका अर्जात भरला. एवढेच २.१ भाग अन्नातून काढायचे तर महागलेल्या अन्नखर्चात जवळपास ८ टक्के कपात करावी लागेल, तीही दर महिन्याला आणि प्रत्येक जेवणाला. एक टक्का सवलत प्रत्येकाला मिळेलच असं नाही. पण जुन्या ग्राहकांकडून जास्त दर घेतला जातो आणि नव्यांना कमी दराने कर्ज दिलं जातं, हे सर्रास चालतं. लेखी विचारणा करा. दुसऱ्या ठिकाणी कर्ज नेण्याचा पर्याय असेल तर तिथलं शुल्क धरून हिशोब करा आणि ते शुल्क किती महिन्यांत भरून निघतं तेवढं पाहा. भाड्याने राहत असाल तर करार संपायच्या दोन-तीन महिने आधी बोलणी सुरू करा. वेळेवर भाडं देणारा भाडेकरू घरमालकालाही सहज मिळत नसतो. थोड्या जास्त मुदतीच्या करारावर भाडेवाढ कमी ठेवायला बरेच जण तयार होतात.

इथे एक सापळा आहे. हप्ता जड झाला की ‘मुदत वाढवून घ्या’ असा सोपा उपाय सुचवला जातो. ९ टक्क्यांच्या कर्जाची मुदत २० ऐवजी ३० वर्षं केली, तर हप्ता फक्त साडेदहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. व्याज मात्र मुद्दलाच्या १.१६ पटीवरून १.९० पटीवर जातं. नोकरी गेली असेल, घरात मोठं आजारपण असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर हे करा. नुसती ओढाताण कमी व्हावी म्हणून करू नका.

घरानंतर वाहन. लोकांना इंधनाचा खर्च दिसतो, कारण तो हाताने भरावा लागतो. विमा, दुरुस्ती, टायर, वाहनतळाचं भाडं, कर्जाचं व्याज आणि दरवर्षी उतरणारी किंमत हे सगळं त्याच वाहनाचं असतं, पण वेगवेगळ्या खिशांतून जातं. वर्षाची बेरीज करून ती चाललेल्या किलोमीटरने भागा. येणारा आकडा पाहून दुसऱ्या वाहनाबद्दलचा निर्णय मी अनेक घरांत एका बैठकीत होताना पाहिला आहे. एकच वाहन असेल आणि ते गरजेचं असेल, तर टायरमधली हवा आणि वेग या दोनच गोष्टी सांभाळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोठ्या रस्त्यावर वेग थोडा कमी ठेवला तरी इंधनात फरक जाणवतो.

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गण्यांसाठी वेगळा परिच्छेद खर्च करत नाही. विवरणपत्रावर त्या शोधा, सगळ्या बंद करा आणि महिनाभरात ज्याची खरोखर आठवण झाली तेवढीच पुन्हा सुरू करा.

अन्नाकडे येताना मी सावध असते, कारण इथे चुकीची कपात शरीरावर निघते. तुमच्या घरात फळं, दूध, भाज्या आधी कमी झाल्या असतील तर त्या परत आणा. अन्नखर्चातली कुणाचंही पोट न मारता होणारी कपात एकच आहे, ती म्हणजे जे फेकलं जातं ते न फेकणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के वाया गेलं, आणि त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांचा होता. तुमच्या घरात विकत आणलेल्याचा दहावा भाग वाया जातो असं धरा आणि त्यातला निम्मा वाचवा. वाढून साडेसत्तावीस झालेल्या अन्नखर्चात हे सुमारे १.४ भाग झाले. हप्त्यातले २.१ आणि हे १.४ मिळून साडेतीन. वरच्या उदाहरणातला खड्डा इथेच भरला.

हे साधायचं कसं? दोन आठवडे फेकलेल्या प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी फ्रीजवर लावा: काय फेकलं आणि का. कारणं दोन-तीनच निघतात. बहुतेक घरांत एकच ठरावीक वस्तू दर आठवड्याला जास्त आणली जाते, किंवा शिजवलेलं डब्यात बंद होऊन फ्रीजच्या मागच्या बाजूला विसरलं जातं. उरलेलं अन्न पारदर्शक डब्यात, डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजचं तापमान ४ अंशांच्या आत आहे का ते साध्या तापमापकाने पाहा, त्याहून जास्त असेल तर अन्न लवकर खराब होतं. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी नवीन काहीही न आणता घरात असेल त्यातूनच स्वयंपाक होईल.

खरेदी करताना पाकिटावरची किंमत सोडा आणि किलोचा किंवा लिटरचा भाव पाहा. २०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत १८० ग्रॅमचं झालं, तर वस्तू ११ टक्क्यांनी महागली, आणि ही वाढ कुठेही छापलेली नसते. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असंही नाही, आणि पडलं तरी घरात जास्त माल असला की हात सैल सुटतो. जे टिकतं आणि मोजूनच वापरलं जातं तेवढंच घाऊक घ्या.

रोजच्या खर्चाबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: महिन्याचा आकडा आठवड्यावर आणा. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात भरपूर दिसतं आणि पहिल्या दहा दिवसांत हात मोकळा राहतो. किराणा, भाजी, किरकोळ खर्च यांसाठी वेगळं खातं ठेवा आणि दर सोमवारी त्यात आठवड्याचीच रक्कम जाऊ द्या. या खर्चासाठी उधारीचं कार्ड वापरू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त, जवळजवळ दुपटीपर्यंत बोली लावली. पैसे आत्ता जात नाहीत असं वाटलं की किमतीची बोच कमी होते. तुमचा शेवटचा आठवडा कार्डावर निघतो याचं एक कारण पहिल्या तीन आठवड्यांतही सापडेल.

विजेत आधी जिथे उष्णता तयार होते किंवा बाहेर काढली जाते तिथे पाहा: पाणी तापवणं, खोली गरम किंवा थंड करणं, कपडे वाळवण्याचं यंत्र, इस्त्री. दिवे मालवत फिरणाऱ्यांना मी एक हिशोब दाखवते. १५ लिटर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवायला साधारण ०.४४ युनिट वीज लागते. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर तेवढी वीज जवळजवळ दहा दिवस पुरते. म्हणून दिव्यावरून मुलांना रागावण्यापेक्षा पाणी तापवणाऱ्या यंत्राचं तापमान थोडं खाली आणा आणि ते दिवसभर चालू ठेवू नका. स्वयंपाकात झाकण ठेवा आणि प्रेशर कुकर वापरा. आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळत असल्याने वेळ आणि इंधन दोन्ही वाचतात. फ्रीजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहा. तो सहज निघत असेल तर दाराचं रबर बदला. वीज वाचवण्यासाठी नवीन उपकरण घेण्याचा मोह मात्र आवरा. जुनं बंद पडेल तेव्हा कमी वीज खाणारं घ्या. त्याआधी घ्यायचं असेल, तर किमतीला वर्षाच्या बचतीने भागून किती वर्षांनी पैसे वसूल होतात ते पाहा.

कात्री कुठे लावू नये, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारी माणसं मी पाहिली आहेत. आरोग्य विम्याचा हप्ता चुकवून पुढच्याच वर्षी रुग्णालयाचं बिल भरणारी घरंही पाहिली आहेत. औषध महाग वाटत असेल तर तोच घटक असलेलं स्वस्त औषध चालेल का हे डॉक्टरांना विचारा, मात्रा स्वतःहून कमी करू नका. दात, चष्मा, वाहनाचे ब्रेक, गळकं छप्पर यांचा खर्च पुढे ढकलला की वाढत जातो. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते: घरात जिचा किंवा ज्याचा आवाज कमी, त्याच्या वाट्याला कपात आधी येते. घर चालवणारी बाई स्वतःच्या तपासण्या टाळते, म्हातारी माणसं ‘मला काही लागत नाही’ म्हणतात. तुमच्या यादीत गेल्या वर्षभरात कुणाचा खर्च सर्वांत जास्त कमी झाला, ते नावानिशी लिहून पाहा. एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर घराने ओझं वाटून घेतलेलं नाही, एकट्यावर टाकलेलं आहे. म्हणूनच प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा थोडी का होईना, हिशोब न विचारता खर्च करायची रक्कम द्या. तुम्ही लिहिलेले वाद बहुतेक तिथेच थांबतील.

आता तुमची शिल्लक. महिन्याच्या खर्चाने घर सहसा कोसळत नाही. ते कोसळतं वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने: विम्याचा हप्ता, शाळेची फी, दुरुस्ती, घरातलं कार्य. हे सगळे खर्च लिहा, बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढा. वीज आणि प्रवासातून जे वाचेल ते इकडे वळवा. हे केलं नाही तर वर केलेली सगळी बचत एका महिन्यात कार्डावर परत जाते. शिल्लकीतून आधी एक महिन्याचा अत्यावश्यक खर्च हात न लावता राखून ठेवा. उरलेली सगळी कार्डाच्या थकबाकीत भरा. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ नव्हे, चक्रवाढीने ४२.६ टक्के होतं. एवढा खात्रीचा परतावा तुम्हाला कोणतीही गुंतवणूक देणार नाही. कार्डाची थकबाकी संपल्यावर राखीव रक्कम तीन महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवा आणि त्यानंतरच घराच्या कर्जात जास्तीचे पैसे भरायचा विचार करा. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या दिवशी सहज परत मिळत नाही.

हे सगळं करूनही निवारा, साधं अन्न, औषध, शिक्षण आणि हप्ते यांची बेरीज उत्पन्नाच्या वर जात असेल, तर कपातीचा प्रश्न संपला. तिथे आणखी काटकसर करायला सांगणं मला अन्याय वाटतो. तेव्हा दोनच गोष्टी उरतात: उत्पन्न वाढवणं आणि कर्जाची फेररचना. हप्ता चुकण्याच्या आधी, स्वतःहून, लेखी अर्ज घेऊन जा. चुकलेल्या हप्त्यानंतर केलेल्या विनंतीपेक्षा आधी केलेल्या विनंतीला ऐकून घेणारा माणूस मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. एका उधारीचा हप्ता भरायला दुसरी उधारी मात्र घेऊ नका.

मुलांना सांगा. त्यांना ताण आधीच कळलेला असतो, कारण माहीत नसतं, आणि मूल मनाशी काहीतरी वाईट कारण जुळवून बसतं. आकडे सगळे सांगायची गरज नाही. ‘वस्तू महागल्या आहेत, आपण काही खर्च बदलतो आहोत, घर आणि शाळा जशी आहे तशीच राहील’, एवढं लहान मुलाला पुरतं. यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच सांगा. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना अन्नाच्या चिठ्ठीचं काम द्या, पाकिटांचे किलोचे भाव काढायला लावा. वाढदिवस किंवा सहलीसारखा एखादा खर्च पूर्ण रद्द करण्याऐवजी त्याची रक्कम सांगा आणि त्यात काय बसवायचं हे त्यांनाच ठरवू द्या. पैशाचा विषय रात्री दमल्यावर किंवा जेवताना काढू नका. महिन्यातून एक ठरलेली वेळ ठेवा आणि त्या बैठकीत आधी काय वाचलं ते मोठ्याने वाचा, मगच पुढची कपात चर्चेला घ्या.